सहा मीटरांत एक फुगवटा

एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं आणि शरीर अन्नातून दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषतं. त्यामुळे आतड्यात रोज चमचा-दोन चमचे रक्त झिरपलं, तरी जमाखर्च तुटीत जातो. शौचाचा रंग बदलत नाही, पोटही दुखत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. एवढ्या गर्दीत लहान आतड्यातली दुर्मीळ, साधी (कर्करोगाची नसलेली) गाठ कोणाला आठवणार? पाळी, जंत, आहार यांची चौकशी आधी होते, आणि ते बरोबरच आहे. पण लोहाच्या गोळ्या थांबल्या की हिमोग्लोबिन पुन्हा घसरतं, वरून आणि खालून दुर्बीण घालूनही काही सापडत नाही, तेव्हा मधलं जवळपास सहा मीटर लांबीचं आतडं तपासायचं राहिलेलं असतं. रुग्ण पुरुष किंवा पाळी गेलेली बाई असेल, तर ही शंका बरीच आधी यायला हवी.

या मधल्या वाटेवर कॅमेरा पाठवण्याची कल्पना गॅव्हरिएल इडान या इस्रायली अभियंत्याची. त्यांचं मूळ काम संरक्षण खात्यासाठी होतं. २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली ती गिळायची कॅमेरा-कॅप्सूल २६ मिलिमीटर लांब होती. ती सेकंदाला दोन फोटो काढायची आणि आठ तासांत पन्नास हजारांच्या वर फोटो जमायचे.

रुग्णाने कॅप्सूल गिळली की त्याचं काम संपतं. डॉक्टरांचं तिथून सुरू होतं. पडद्यावर गुलाबी भिंती सरकत राहतात. मध्येच एक गुळगुळीत फुगवटा दिसतो. गाठ आहे, की शेजारच्या आतड्याचा वेढा बाहेरून दाबतोय? फोटो मागे-पुढे केले जातात. फुगवटा पुढच्या फोटोंतही तसाच राहतो का, त्यावरचं अस्तर ताणलेलं आहे का, टोकाला व्रण आहे का? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. लायोमायोमा ही साधी गाठ; तो आतड्याच्या स्नायूच्या थरातून उगवतो, त्यावरचं अस्तर शाबूत असेपर्यंत तो गप्प असतो. अस्तर झिजून व्रण पडला, की रक्त येऊ लागतं.

आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून कॅप्सूल कधीकधी सुसाट निघून जाते आणि गाठ एखाद्याच फोटोत येते किंवा मुळीच येत नाही. म्हणून ‘कॅप्सूल नॉर्मल’ या दोन शब्दांवर फार विसंबू नये. सीटी एंटरोग्राफीत, म्हणजे लहान आतड्याच्या सीटी स्कॅनमध्ये, भिंतीच्या आतली गाठही दिसू शकते. लायपोमा, म्हणजे चरबीची गाठ, तर तिथे चरबीच्या गडद रंगावरूनच ओळखू येतो.

नंतर येते ती जपानी डॉक्टर यामामोतो यांची दोन फुग्यांची दुर्बीण. फुगे आळीपाळीने फुगवत आतडं नळीवर चुण्या पाडून ओढून घेतात आणि गाठीपर्यंत पोचतात. चिमट्याने तुकडा घ्यायचा, तर बहुधा वरवरचं अस्तरच हाती लागतं. शिवाय रक्तवाहिन्यांच्या गाठीला टोचणं धोक्याचं. त्यापेक्षा शेजारी शाई टोचून ठेवली जाते. शस्त्रक्रियेत सर्जनला बाहेरून तो काळा डाग दिसतो.

नाव ठरतं ते पॅथॉलॉजिस्टच्या काचपट्टीवर. १९९८ मध्ये ओसाकाच्या संशोधकांनी जिस्ट या पचनमार्गातल्या वेगळ्या प्रकारच्या गाठींमधला किट जनुकातला बिघाड दाखवला, आणि पूर्वी लायोमायोमा म्हणून नोंदलेल्या कितीतरी गाठी प्रत्यक्षात जिस्ट निघाल्या. जिस्ट पुढे कर्करोगासारखी वागू शकते. त्यामुळे कापलेल्या तुकड्याला आता किटचं प्रथिन दाखवणारं सीडी ११७ चं रंजन केलं जातं, आणि तो अहवाल येईपर्यंत गाठीला साधी म्हणत नाहीत.