नितळ पाण्याचा धडा

मुलीच्या हट्टापायी आमच्या घरी साठ लिटरची काचेची टाकी आली आणि पाठोपाठ चार गोल्डफिश. एका रविवारी मी उत्साहाच्या भरात टाकी रिकामी केली, फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला आणि नवं पाणी भरलं. टाकी आरशासारखी लखलखू लागली. गुरुवारपर्यंत तीन मासे दगावले. मुलगी काहीच बोलली नाही. मला तेच जास्त लागलं.

मग कळलं, की पाणी नितळ दिसणं वेगळं आणि ते माशांना मानवणं वेगळं. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. तो दिसत नाही, पण विषारी असतो. स्पंजात आणि खड्यांवर वस्तीला असलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच सौम्य असं नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. क्लोरीनच्या पाण्याने मी ती पाच मिनिटांत उठवली होती!

तेव्हा फिल्टर घेताना नुसती मोटारीची ताकद पाहू नका. खड्यांखाली बसवायचा जाळीचा फिल्टर स्वस्त. पण गाळ तळाशी साचतो आणि कधीतरी सगळी टाकी उपसावी लागते. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पिल्लांना ओढून घेत नाही, मात्र खादाड गोल्डफिशची घाण त्याला एकट्याला आवरत नाही. पाण्यात बुडवायचा मोटारीचा फिल्टर गाळ झपाट्याने ओढतो. पण त्याच्या प्रवाहात फायटर मासा दमून जातो. टाकीबाहेर ठेवायच्या कॅनिस्टरमध्ये जिवाणूंना जागा भरपूर, किंमतही तशीच. शिवाय वीज तासन्‌तास गेली, की त्या बंद डब्यातला प्राणवायू संपून जिवाणूच मरू लागतात.

आणि यांतला कोणताही फिल्टर पाणी बदलण्यातून सुटका करत नाही, नायट्रेट उरतंच.

आमच्या टाकीत आता मोटारीचा एक फिल्टर आहे आणि जोडीला एक स्पंज. साठ लिटरमध्ये चार गोल्डफिश ही दाटीच होती, म्हणून नवे आणले नाहीत. दर रविवारी पाव टाकी पाणी काढतो, क्लोरीन घालवणारे थेंब टाकून तेवढंच नवं भरतो. स्पंज धुवायचा झालाच, तर काढलेल्या पाण्याच्या बादलीतच, हलक्या हाताने पिळून. बादली मुलगी धरते. ‘‘बाबा, जास्त नाही हं धुवायचं,’’ असं दर वेळी बजावते.

पाणी पूर्वीइतकं लखलखत नाही. पण उरलेला एकुलता मासा खाण्यासाठी काचेपाशी धावत येतो.