खऱ्या कमाईचा हिशेब

२०२४ च्या जून महिन्यात आपल्या राज्यातल्या सरकारी शाळांसाठी एक फर्मान निघाले. पहिली ते आठवीच्या मुलांना दोन गणवेश मिळणार, त्यांतला एक स्काऊट-गाईडचा. आणि तो मंगळवार, गुरुवार, शनिवार असा आठवड्यातून तीन दिवस अंगावर घालायचा. स्काऊटच्या गणवेशाचे कापड सरकार देणार, शिलाई गावात करून घ्यायची आणि त्यासाठी मिळणार एका मुलामागे ११० रुपये. अकोल्याच्या आमच्या शिंप्याने हा आकडा ऐकला, टेप गळ्यातून काढली आणि म्हणाला, "साहेब, एवढ्यात त मी नुसतं कापड बेतून देईन जी."

पुढे व्हायचे तेच झाले. कुठे कापड आले तर मापे चुकली, कुठे मापे बरोबर तर शिवणारा मिळेना. कित्येक शाळांत पंधरा ऑगस्टचे झेंडावंदन जुन्याच कपड्यांत पार पडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारने पाऊल मागे घेतले आणि गणवेशाचा कारभार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवला.

त्या वादात मला शिरायचे नाही. मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. आमच्या वेळी, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या अमरावतीत, स्काऊटचा गणवेश सर्वांत शेवटी मिळत असे. आधी नियम पाठ, गाठी पाठ, चारदोन रविवारच्या कवायती, मग दीक्षाविधी, मग वचन आणि मग कुठे गळ्यात स्काऊटचा स्कार्फ. तो स्कार्फ मिळाला त्या रात्री मी तो उशाशी घेऊन झोपलो होतो. आता गणवेश आधी आला आणि कित्येक ठिकाणी त्याच्या मागून स्काऊट आलाच नाही.

ही चळवळ विलायती, हे खरेच. १९०७ च्या ऑगस्टात बेडन-पॉवेल या इंग्रज सेनाधिकाऱ्याने ब्राउनसी नावाच्या बेटावर वीसेक मुलांचे शिबिर घेतले आणि पुढल्या वर्षी पुस्तक लिहिले. तिथून जगभर पसरली. पण आपला तिच्याशी संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा. लहान मुलांच्या कब पथकाला जी गोष्ट लागली ती किपलिंगच्या 'जंगल बुक'मधली, आणि त्यातले लांडगे सिवनीच्या रानातले. सिवनी मध्य प्रांतात. आणि आपले वऱ्हाड १९०३ पासून त्याच प्रांताला जोडलेले. म्हणजे आमच्याच शेजारचा अकेला लांडगा लंडनला जाऊन, इंग्रजी शिकून परत आला म्हणायचा! मुलींच्या गाईडची भारतातली पहिली तुकडी १९११ साली उभी राहिली तीही याच प्रांतातल्या जबलपुरात. अर्थात गोऱ्यांच्या मुलींसाठी. हिंदी मुलांना त्या घरात प्रवेशच नव्हता. तेव्हा मद्रासेत अ‍ॅनी बेझंटबाईंनी आणि अलाहाबादेत मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी या मंडळींनी आपापले स्काऊट काढले. स्वातंत्र्यानंतर हे प्रवाह एकत्र आले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काऊट्स अँड गाईड्स'ची स्थापना झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ ला मुलींची संघटनाही तीत आली. राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र १९५६ मध्ये पचमढीला निघाले. त्याच वर्षी वऱ्हाड त्या प्रांतातून निघून मुंबई राज्यात आले, हा योगायोग.

अमरावतीच्या पोरांना शिस्त लावायला स्काऊटच हवा होता, असे मात्र कुणी समजू नये. वैद्य बंधूंचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथे १९१४ पासून आहे. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या चमूने तिथे आपले देशी खेळ करून दाखवले. शरीर कमावण्याची सोय गावात भरपूर होती. स्काऊटने दिले ते वेगळेच. त्याने मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला उंबऱ्याबाहेर काढले आणि हातात काम दिले.

आमच्या स्काऊट मास्तरांनी हे विलायती प्रकरण वऱ्हाडी करून टाकले होते. बिनभांड्याचा स्वयंपाक हा स्काऊटचा एक विषय. पुस्तकात त्यासाठी काय काय लिहिलेले, सरांनी छत्री तलावाच्या काठावर गोवऱ्या पेटवल्या आणि म्हणाले, "रोडगे टाका." विषय संपला. क्लोव्ह हिच नावाची गाठ आम्ही शहरी पोरे तीन-तीन दिवस घोकत होतो, वलगावकडून येणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराने ती पाहिली आणि म्हणाला, "हे त खुंट्याले दावं बांधाची गाठ हाय." त्या दिवशी तो आमचा संघनायक झाला. डाव्या हाताने हस्तांदोलन करायची पद्धत मात्र घरी रुजली नाही. "डाव्या हातानं राम राम? कोण्या मास्तरानं शिकवलं रे हे?" आजीने विचारले. डाव्या हातात ढाल असते, ती खाली ठेवून हात पुढे करायचा म्हणजे मी तुझ्यावर विश्वास टाकला, ही आफ्रिकेतली कथा मी तिला सांगितली. ती म्हणाली, "आपल्या घरी ढाल नाही."

पण खरा कस लागे तो 'खरी कमाई'त. तरुण वाचकांना सांगायला हवे: स्काऊटच्या नियमांत काटकसर आहे, आणि काटकसर शिकायची तर आधी पैसा स्वतःच्या कष्टाने मिळवावा, म्हणून मुलांनी लहानसहान कामे करून चार पैसे कमवायचे, अशी ही योजना. विलायतेत १९४९ पासून असाच 'बॉब-अ-जॉब' आठवडा असे. बॉब म्हणजे शिलिंग. शिलिंग द्या आणि पोराकडून काम करून घ्या.

आमची खरी कमाई एसटी स्टँडसमोर झाली. बूट पॉलिश, एका जोडाला चार आणे. सरांनी आम्हाला परस्पर बसवले नाही. तिथल्या म्हाताऱ्या चांभारदादांकडे नेले, हात जोडले आणि विचारले, "पोरांना आठ दिवस तुमच्याजवळ बसवू का?" दादांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिले. "बसा. आधी बूट पुसाचा, मंग पॉलिश. पॉलिश कमी अन् हात जास्त." आठवडाभर ते आमचे मास्तर होते आणि कमाईतला अर्धा वाटा त्यांचा, हे सरांनी आधीच ठरवून टाकले होते. घरी गदारोळ झाला तो मी इथे सांगत बसत नाही. १९७० च्या दशकात आमच्या आळीतल्या मुलाने लोकांचे जोडे हातात घेणे म्हणजे काय, हे जाणकारांना कळेल. सरांनी वडिलांना एकच वाक्य ऐकवले, "गाडगेबाबांच्या जिल्ह्यात राहतो आपण, आणि हाताला लाजायचं?" वडील गप्प झाले. माझ्या वाट्याला सहा रुपये पंचवीस पैसे आले. शाळेत तेव्हा संचयिका होती, मुलांची मुलांनीच चालवलेली बचत बँक. तिच्या पासबुकावर मी आयुष्यातली पहिली सही केली. पुढे बँकेत एकतीस वर्षांत किती सह्या केल्या त्याची गणती नाही.

आता काय दिसते? दोन वर्षांपूर्वी अमरावतीतल्या एका शाळेच्या खरी कमाई मेळाव्याला गेलो होतो. मंडप, गाणी, दाबेली, पाणीपुरी, मोबाइलवरून पैसे द्यायची सोय. मोठी मौज होती. एका स्टॉलवरचा मुलगा उड्या मारत म्हणाला, "आजोबा, आमची साडेतीन हजारांची विक्री!" मी सवयीने विचारले, "आणि खर्च?" त्याने आईकडे पाहिले. आई हसून म्हणाली, "अहो काका, सगळं घरूनच केलं. मुलांना आनंद मिळाला ना!" आनंद मिळाला, यात शंका नाही. कमाई कुणाची, एवढाच प्रश्न.

आईबापांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. राजकमल चौकातली आजची वाहतूक पाहता नातवाला रस्त्याच्या कडेला पॉलिश करायला मीही बसवणार नाही. अनोळखी दार ठोठावायला मूल पाठवणे आता धोक्याचे वाटते. विलायतेतला तो शिलिंगाचा आठवडासुद्धा १९९० च्या दशकात याच धास्तीपोटी बंद पडला. शिक्षकांची अर्धी शक्ती माहिती भरण्यात जाते. दहावीला सवलतीचे गुण मिळतात म्हणून स्काऊटमध्ये नाव घालणारेही आहेत, आणि त्यांतले काही पुढे खरोखरच रमतात, हेही मी पाहिले आहे. बदल सगळे वाईट नाहीत. आमच्या काळी स्काऊट म्हटले की मुलगाच डोळ्यांपुढे येई. इंग्लंडने १९९१ पासून सर्व वयोगटांत मुलींना घेण्याची मुभा दिली. अमेरिकेने मुलींना स्काऊट पथकांत घेतले ते २०१९ मध्ये, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तर संघटनेच्या नावातून 'बॉय' हा शब्दच काढून टाकला. आपल्याकडे गाईड १९५१ पासून त्याच छपराखाली आहेत.

त्या गाईड खऱ्या अर्थाने मला भेटल्या बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिथल्या बाईंनी बोलावले होते, मुलींना बँकेबद्दल दोन शब्द सांगा म्हणून. खरी कमाई होती, पण मंडप नव्हता. कडुनिंबाखाली चार चुली, भजी, शेंगा, लिंबाचे सरबत. मुलींच्या अंगावर त्याच सरकारी कापडाचे गणवेश, बाह्या लांब झाल्या म्हणून दुमडून घेतलेले. भाषण मी आवरते घेतले आणि वह्या पाहायला मागितल्या.

सातवीतल्या एका मुलीच्या वहीत असे होते: विक्री २१०. मायचे उसने १००. घरचे तेल २०. शिल्लक ९०.

"हे मायचे उसने म्हणजे?"

"बेसन अन् आलू आणाले घेतले होते, सर. आज तिचे तिले देऊन टाकले."

"आणि तेल? ते तर घरचंच."

"घरचं असलं तरी माय इकतच आणते ना."

कर्ज मंजूर करताना समोर बसलेल्या भल्याभल्यांनी मला इतका स्वच्छ ताळेबंद दाखवलेला नाही. तरीही जुनी खोड जाईना. चुलीकडे बोट दाखवून मी विचारले, "आणि सरपण?"

ती थबकली. कुंपणापाशी तिची आई उभी होती, कामावरून तशीच आलेली, डोक्याचा रुमालही सोडलेला नव्हता. मुलीने तिच्याकडे एकदा पाहिले, मग खाली बसून मांडीवर वही घेतली, नव्वदवर काट मारली आणि पेन्सिल तशीच धरून मला विचारले, "पऱ्हाट्या मायनं वावरातून डोक्यावर आणल्या, सर. दहा धरू का पंधरा?"