मृगातला अडवलेला लाल रंग

डिसेंबरात धानाच्या बांध्या रिकाम्या होतात. कोका अभयारण्याच्या कडेच्या एखाद्या गावात रात्री नऊच्या सुमारास धुऱ्यावर उभं राहिलं, की मृग नक्षत्र पूर्वेला चांगलं वर आलेलं असतं. भंडारेकरांचं हे नशीबच. नागपूरच्या दिव्यांचा उजेड पश्चिमेच्या क्षितिजावर साचतो आणि मृग उगवतो नेमका उलट्या बाजूला. मध्यरात्रीनंतर तो तिकडे कलू लागतो, तोवर तीन-चार तास हाताशी असतात. शेजारच्या पेंचला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तिथे काठच्या गावांतल्या दिव्यांची तोंडं जमिनीकडे वळवली गेली. आपल्या गावांनीही हे करावं असं मला मनापासून वाटतं, कारण आकाशाच्या फोटोग्राफीचं खरं भांडवल हा अंधारच आहे.

मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांच्या दक्षिणेला नुसत्या डोळ्यांना एक धुरकट ठिपका दिसतो. तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग. त्यात आजही नवे तारे जन्मत आहेत. १८९० च्या सुमारास पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत कावसजी नायगमवाला २० इंची दुर्बिणीतून याच तेजोमेघाचा वर्णपट तपासत होते. डोळ्यांना तो राखाडी दिसतो, कारण इतक्या मंद उजेडात आपल्याला रंग कळत नाहीत. प्रत्यक्षात तिथला हायड्रोजन ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीचा गडद लाल प्रकाश फेकत असतो.

नेमका हाच लाल बाजारातला साधा कॅमेरा अडवतो. सेन्सरच्या पुढ्यात एक पातळ काच असते. अवरक्त किरण थांबवणं आणि माणसांचे चेहरे, कपडे डोळ्यांना दिसतात त्या रंगात आणणं, हे तिचं काम. हायड्रोजनचा लाल तिच्यातून जेमतेम पाव हिस्सा पलीकडे जातो. ही काच काढून तिच्या जागी तो लाल सोडणारी काच बसवली, की कॅमेरा ‘मॉडिफाय’ झाला.

तरी पहिल्या हिवाळ्यात कॅमेरा उघडू नका. कृत्तिकांभोवतीचं निळं धुकं, देवयानी दीर्घिका, मृगातला हा मोठा तेजोमेघ, ही सगळी चित्रं आहे त्याच कॅमेऱ्यात येतात. पैसे आधी माउंटवर घाला. पृथ्वी फिरते, म्हणून ४०० मिलिमीटरच्या छोट्या दुर्बिणीतून सेकंदभरातच ताऱ्यांच्या रेघा होतात. विषुववृत्तीय माउंट आकाशाच्या गतीने फिरतं आणि दोन-तीन मिनिटांचं एक्स्पोजर शक्य होतं. त्यासाठी त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. भंडाऱ्यातून ध्रुवतारा क्षितिजापासून २१ अंशांवर असतो, म्हणजे हात लांब केला तर दोन मुठींएवढ्या उंचीवर. उत्तरेला मोहाचं मोठं झाड असेल तर जागा बदला.

माझी पहिली रात्र दवाने खाल्ली. दहापर्यंत तारे टाचणीच्या टोकासारखे येत होते. अकरानंतर ते फुगत गेले. मी पुन्हा पुन्हा फोकस लावत बसलो. शेवटी टॉर्च मारली, तर भिंगावर दवाचा पांढुरका थर. तलाव-बोड्यांच्या या मुलखात हिवाळ्यात ते होणारच. कापडाने पुसलं तर भिंगावर ओरखडे पडतात. पॉवर बँकेवर चालणारी गरम पट्टी नळीला पहिल्यापासून गुंडाळून ठेवायची, एवढाच उपाय.

एका चित्रात काही हाती लागत नाही. एकाच ठिकाणाची अनेक चित्रं काढून संगणकावर एकमेकांवर रचतात. १६ चित्रं रचली तर सिग्नल आणि खरखर यांचं गुणोत्तर चौपट सुधारतं, ६४ रचली तर आठपट. सोबत झाकण लावून तेवढ्याच वेळेची काळी चित्रं घ्यायची, आणि पहाटेच्या उजेडात नळीच्या तोंडावर पांढरं सुती कापड ताणून काही चित्रं काढायची. पहिल्यांमुळे सेन्सरचे दोष वजा होतात, दुसऱ्यांमुळे धुळीचे डाग आणि कडांचा काळोख. सिरिल, डीपस्कायस्टॅकर ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

हे सगळं अंगवळणी पडलं, की दुसऱ्या हिवाळ्यासाठी जुना डीएसएलआर घ्या आणि तो जाणकाराकडून मॉडिफाय करून घ्या. वॉरंटी जाते, दिवसाचे फोटो लालसर येतात. म्हणून घरचा चांगला कॅमेरा यात घालू नये. मग बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी व्याधाकडच्या ताऱ्यावर दुर्बीण रोखा. त्याच्या लगतच अश्वमुख तेजोमेघ आहे. १८८८ साली हार्वर्ड वेधशाळेत काढलेल्या काचेच्या प्लेटवर विल्यमिना फ्लेमिंग यांना तो पहिल्यांदा दिसला. साध्या कॅमेऱ्याने मी दोन रात्री त्याच्यामागे घालवल्या, हाती राखाडी सावली आली होती. मॉडिफाय केलेल्या कॅमेऱ्याचं तीन मिनिटांचं पहिलंच एक्स्पोजर संपलं, मागचा पडदा उजळला, आणि फिकट लाल पट्ट्यावर नखाएवढी काळी मान दिसली.