सर्टिफिकेट मिळालं, पण मशीन उघडलंय का?

"एमएस-सीआयटी झाला, आता नोकरी गावतली." नांदगाव तिठ्यावर देवगडच्या गाडीची वाट बघताना हे मी कितीदा तरी ऐकलंय, आणि दर वेळी पोटात कालवलंय. एमकेसीएलने २००१ साली सुरू केलेला हा कोर्स संगणक साक्षरतेचा आहे. सरकारी भरतीत तो मागतात, म्हणून जरूर करावा. पण आयटी सपोर्टची नोकरी म्हणजे दुसऱ्याचा अडलेला संगणक चालू करून देणं, आणि ते वेगळं शिकावं लागतं.

त्यासाठी इंजिनिअरच व्हायला हवं, हाही गैरसमजच. आयटीआयचा 'कोपा' (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) ट्रेड दहावीनंतर एका वर्षाचा आहे. कॉम्पटिया या संस्थेच्या 'ए प्लस' सर्टिफिकेटला तर पदवीची अटच नाही. दोन पेपर, प्रत्येकी ९० मिनिटांचे. मात्र साधारण वर्षभर हाताने काम केलेलं असावं, अशी शिफारस कॉम्पटिया स्वतःच करते. फी हजारोंच्या घरात जाते, त्यामुळे आधी काम शिका, मग फी भरा. हे सर्टिफिकेट जन्मभराचंही नाही, तीन वर्षांनी नूतनीकरण लागतं. मायक्रोसॉफ्टने 'एमसीएसई' हे सर्टिफिकेट जानेवारी २०२१मध्येच बंद केलं. आजही कोणी त्याच नावावर प्रवेश देत असेल, तर तिथे पैसे घालू नका.

मुलाखतीत काय विचारतात? "नेट चालत नाही, आयपी १६९.२५४ने सुरू होतोय, काय झालं असेल?" मशीनला पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून पत्ता मिळाला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. मग केबल, स्विच, राउटर अशा क्रमाने शोधत जायचं. हे पाठ करून येत नाही.

आणि शिकायला आपला पावसाळा आहे की! दमट हवेत कितीतरी पीसी असे होतात: पंखा फिरतो, स्क्रीन मात्र काळी. वायर काढा, हात केसच्या धातूला लावा, रॅम काढा. तिची सोनेरी टोकं खोडरबराने हलकेच पुसा, भुगा झटका आणि दोन्ही क्लिपा 'टक्' वाजेपर्यंत दाबून बसवा. बऱ्याचदा एवढ्यानेच स्क्रीन उजळते. ते पहिल्यांदा जमतं ना, त्या दिवशी पोराचा चेहरा बघण्यासारखा असतो.

काम फक्त पुण्या-मुंबईतच, असंही नाही. बँकेच्या शाखा, दवाखाने, मालवणची हॉटेलं, सगळीकडे मशीन आहेत आणि ती बिघडतात. देखभालीचं कंत्राट घेणाऱ्या कंपन्यांना त्यासाठी जवळपासचीच मुलं लागतात. शिवाय गोवा फार लांब नाही. जाहिरातीत 'डेस्कटॉप सपोर्ट', 'फील्ड इंजिनिअर', 'सर्व्हिस डेस्क' ही नावं शोधा. फील्डच्या कामाला दुचाकी आणि लायसन्स बहुतेक ठिकाणी मागतात. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे घरी आधी सांगून ठेवा.

'शंभर टक्के प्लेसमेंट'वर विश्वास ठेवून माझ्या भाच्याने एका ठिकाणी डिपॉझिट भरलं. नोकरी नाही, पैसेही नाहीत. नोकरी देणारा तुमच्याकडे पैसे मागत असेल, तर तिथून उठा.

आजपासून एक वही सुरू करा. तारीख, तक्रार काय होती, काय काय तपासलं, कशाने सुटलं. शेजाऱ्याचा प्रिंटर असला तरी लिहा. कंपनीत अशा नोंदीलाच 'तिकीट' म्हणतात. अशी पन्नास झाली की अर्ज करा, आणि मुलाखतीला जाताना वही सोबत न्या.