भाड्याच्या घरात अंजीर
स्वतःचा फ्लॅट होईल तेव्हा होईल, स्वतःचं फळझाड मात्र आत्ताच लावा! ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट संपलं की माझं अंजीर कुंडीसकट टेम्पोत चढतं. पुण्याजवळच्या पुरंदर भागातली ही जात, तिथल्या अंजिराला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. परागीभवनाशिवाय फळतं, त्यामुळे एकच झाड पुरतं. मोठी कुंडी, खाली भोकं, सहा तास ऊन. नुसता पाला माजलाय? नत्राचं खत थांबवा. फळं नव्या फुटीवर लागतात, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बिनधास्त छाटा. उन्हाळ्याच्या तोंडावर ‘मीठा बहार’ तयार! कच्चं तोडलेलं अंजीर नीट पिकत नाही. झाडावरच मऊ होऊ द्या, फक्त बुलबुलाच्या आधी उठा!