१२५७एल

पगाराच्या पावतीवर पहिल्यांदा '१२५७एल' पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा आपला एम्प्लॉयी नंबर असणार. बाजूला बसून सँडविच खाणाऱ्या व्हॅन ड्रायव्हरला तसं म्हटलं, तर तो खो खो हसला आणि खिशातून स्वतःची पावती काढून दाखवली. त्यावरही १२५७एल! म्हणाला, "या गोदामात जवळजवळ सगळ्यांचा हाच नंबर आहे."

ही गोष्ट २०२४ सालची. लीड्समध्ये एम.एस्सी. संपवून मी तिथेच एका गोदामात नोकरीला लागलो होतो. (होय, आपलीच डिग्री घेऊन खोकी उचलत होतो. ती कहाणी पुन्हा केव्हातरी.) हा नंबर म्हणजे टॅक्स कोड. १२५७ ला दहाने गुणा. वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत आयकर शून्य, याला तिकडे पर्सनल अलाउन्स म्हणतात. त्यापुढे ५०,२७० पर्यंत २० टक्के, मग ४० टक्के, आणि १,२५,१४० च्या वर ४५ टक्के. स्कॉटलंडचे दर वेगळे. म्हणजे आपल्या स्लॅबसारखंच प्रकरण, विशेष काही नाही.

विशेष हे, की हा नंबर एप्रिल २०२१ पासून हललेलाच नाही. हुजूर पक्षाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी तो २०२६ पर्यंत गोठवला. त्याच पक्षाच्या जेरेमी हंट यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये ती मुदत २०२८ केली. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मजूर पक्षाच्या रेचल रीव्ह्ज यांनी ती २०३१ वर नेली. दोन कट्टर विरोधी पक्ष, तीन अर्थमंत्री, आकडा एकच!

यात बिघडलं काय? जरा कॅल्क्युलेटर काढा. एप्रिल २०२१ मध्ये तिथलं किमान वेतन तासाला ८.९१ पौंड होतं, एप्रिल २०२६ पासून १२.७१. आठवड्याला ३७.५ तास काम धरलं, तर वर्षाची कमाई १७,३७४ वरून २४,७८४ पौंडांवर गेली, म्हणजे सुमारे ४३ टक्के वाढ. आणि आयकर? ९६१ वरून २,४४३ पौंड. अडीच पट! दर तेवढाच, २० टक्के. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना लगेच कळेल : थ्रेशोल्ड जागेवर ठेवा, सिग्नल वाढू द्या, आउटपुट आपोआप मिळतं. बरं, मधल्या काळात महागाईही काही कमी नव्हती. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिचा दर ११.१ टक्के होता. प्रामाणिकपणे सांगायचं तर नॅशनल इन्शुरन्स नावाची दुसरी कपात याच काळात १२ टक्क्यांवरून ८ वर आली, त्यामुळे तिचा बोजा फारसा वाढला नाही. पण दोन्ही मिळून हिशोब केला तरी किमान वेतनवाल्याच्या कमाईतला सुमारे ११ टक्के वाटा जायचा, तो आता जवळपास १४ टक्के जातो. आणि तरीही 'आम्ही दर वाढवले नाहीत' हे वाक्य शंभर टक्के खरं!

मजूर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात नेमकं हेच वचन दिलं होतं : आयकराचे दर, नॅशनल इन्शुरन्स, व्हॅट वाढवणार नाही. ४ जुलै २०२४ ला त्यांना सुमारे ३४ टक्के मतांवर ४०० च्या वर जागा मिळाल्या. मीही त्या दिवशी मत दिलं. दचकू नका, राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक तिथे कायदेशीर राहत असेल तर त्याला मतदान करता येतं. कोणाला दिलं, ते सांगणार नाही.

आमच्या ड्रायव्हरने मात्र छातीठोकपणे सांगितलं, रिफॉर्म पक्षाला. का? "ते म्हणतात, वीस हजारांपर्यंत टॅक्स नाही." तसं वचन त्यांच्या जाहीरनाम्यात खरंच होतं. सरकारकडे तेवढे पैसे येणार कुठून, हे विचारल्यावर तो म्हणाला, "बाहेरून येणाऱ्यांवर उधळतात ते वाचतील. तुम्ही लोक दवाखाना फुकट वापरता." मला लागलं ते. दुसऱ्या दिवशी मी व्हिसाची पावती नेऊन दाखवली. दवाखान्यासाठी वर्षाला १,०३५ पौंड, दोन वर्षांचे २,०७० आगाऊ, वर पगारातून त्याच्याइतकीच कपात आणि सरकारी भत्ता मात्र एकही नाही. त्याने ती पावती दोनदा वाचली. "हे आम्हाला कोणी सांगितलं नाही," एवढंच बोलला. मे २०२५ मध्ये भारत-ब्रिटन व्यापार करार ठरला. त्यात भारतीय कंपनीने तात्पुरत्या पाठवलेल्या माणसांना तीन वर्षं नॅशनल इन्शुरन्स माफ होता (आणि इकडे येणाऱ्या ब्रिटिशांनाही तशीच सूट). विरोधकांनी आरडाओरडा केला, तेव्हा तोच म्हणाला, "तुझा तर कापतात ना रे?" पण पक्ष काही त्याने बदलला नाही. का बदलावा? त्याची पावती तीच होती.

आता माझ्या घरमालकीणबाई. निवृत्त नर्स, विधवा. मी त्यांना मनात आजीच म्हणायचो. तोंडाने नावाने हाक मारायची तिकडची पद्धत मला शेवटपर्यंत अवघड गेली. जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने थंडीतल्या हीटिंगसाठी मिळणारे २०० ते ३०० पौंड गरिबीरेषेच्या आसपासचे सोडून बाकी पेन्शनरांचे बंद केले. सुमारे एक कोटी लोकांना फटका. आजींना नवऱ्याची थोडी जास्तीची पेन्शन होती, म्हणून त्या बाद. त्या हिवाळ्यात आम्ही दोघं संध्याकाळी फक्त स्वयंपाकघरात बसायचो, बाकी खोल्यांचे हीटर बंद. देशभर एवढा गहजब झाला, की जून २०२५ मध्ये सरकारने माघार घेऊन ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ती मदत परत सुरू केली. गोठवलेल्या आकड्यातून याच्या कितीतरी पट पैसा सरकारकडे जातो, त्यासाठी मात्र कोणी रस्त्यावर उतरलेलं मी पाहिलं नाही. पत्र येऊन दोनशे पौंड गेलेले दिसतात. न वाढलेला अलाउन्स कुणाला दिसणार?

आजींचा सगळ्यात मोठा राग वारसा करावर. "एकदा टॅक्स भरलेल्या पैशावर परत टॅक्स!" मी हिशोब मांडून दाखवला. ३,२५,००० पौंडांची सूट, घर मुलांना दिलं तर आणखी १,७५,०००, आणि नवऱ्याची न वापरलेली सूटही तुम्हालाच. दहा लाखांपर्यंत काही नाही. त्यांचं घर त्याच्या पाव किमतीचंही नव्हतं. तिकडे शंभर मृत्यूंत पाचांच्या मागेही हा कर लागत नाही. तरी पाहण्यांमध्ये लोक त्याला सर्वांत अन्यायी करांत धरतात. २००७ मध्ये जॉर्ज ऑस्बर्न यांनी ही सूट दहा लाखांवर नेण्याची नुसती घोषणा केली, जनमत फिरलं, आणि गॉर्डन ब्राउन यांनी होऊ घातलेली निवडणूक टाळली! गंमत म्हणजे याच लोकांना अतिश्रीमंतांच्या संपत्तीवर कर लावा म्हटलं, तर पाहण्यांत मोठं बहुमत 'हो' म्हणतं. आजीही म्हणायच्या.

मला आधी हा निव्वळ गोंधळ वाटायचा. मग आजींनी १९९० सांगितलं. थॅचरबाईंचा पोल टॅक्स : गावातल्या धनाढ्यालाही तेवढाच आणि झाडूवालीलाही तेवढाच. आजी तेव्हा दोन मुलं आणि नाइट ड्युटी सांभाळत होत्या. भरलाच नाही म्हणे काही महिने. ३१ मार्च १९९० ला लंडनमध्ये दंगल झाली, नोव्हेंबरात थॅचरबाई गेल्या, १९९३ मध्ये काउन्सिल टॅक्स आला. पण तोही इंग्लंडमध्ये अजून घराच्या १९९१ च्या किमतीवरच चालतो, आणि सर्वांत वरच्या गटाला मधल्या गटाच्या फक्त दुप्पट भरावा लागतो. किमती नव्याने काढायची हिंमत कोणत्याच पक्षाने केली नाही. आता २० लाख पौंडांच्या वरच्या घरांवर एप्रिल २०२८ पासून जादा आकार लावायचं ठरलंय, तेवढंच.

मी २०२५ च्या शेवटी परत आलो. परवा आजींचा मेसेज होता. पेन्शन वाढली, एप्रिल २०२६ पासून पूर्ण नवी सरकारी पेन्शन वर्षाला १२,५४७.६० पौंड. मी सवयीने १२,५७० मधून वजा केली. उरले २२ पौंड ४० पेन्स. पुढच्या वाढीला ही पेन्शन एकटीच करमाफ मर्यादा ओलांडणार. फक्त पेन्शनवर जगणाऱ्यांकडून एवढीशी रक्कम मागणार नाही, असं सरकारला आधीच सांगावं लागलंय. आजींना नवऱ्याची पेन्शन आहे, म्हणजे त्या पुन्हा बाद. शेवटी त्यांनी विचारलं होतं, "तो तुझा बारा सत्तावन्न यंदा तरी वाढला का रे?"