कपाटातली कॅसेट, टीव्हीखालचा प्लेयर

सुपे, मोरगाव, बारामती या पट्ट्यात १९९०च्या आसपास ज्या घरी लग्न झाले, तिथल्या लोखंडी कपाटात साड्यांच्या घडीखाली एखादी काळी व्हीएचएस कॅसेट अजून सापडते. लेबलावर वधूवरांची नावे, तारीख आणि दोन रेघा मारून लिहिलेले ‘पुसू नये’. शेजारी टीव्हीवरून टेप केलेल्या दोन-चार कॅसेटी. सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे १९७३ साली पुणे परिसरात दूरदर्शन दिसू लागले. पुढे व्हीसीआर आला, आणि दूरदर्शनवरच्या ‘आमची माती, आमची माणसं’ या शेतीच्या कार्यक्रमात ओळखीचा शेतकरी दिसणार असला की कोणीतरी कोरी कॅसेट घालून तयार बसू लागले.

कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकचा छोटा तुकडा असे. तो मोडला की तिच्यावर दुसरे काही टेप होत नसे. पण त्या भोकावर चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा वापरता येई, आणि कितीतरी घरांत सप्तपदी संपायच्या आत क्रिकेटची मॅच सुरू होते ती त्यामुळेच.

या कॅसेटी डिस्कवर घ्यायच्या म्हणजे नेमके काय करायचे? पहिले काम सोपे पण वेळखाऊ. व्हीसीआरच्या मागच्या पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिना कॅप्चर कार्डमार्गे संगणकाला जोडायच्या आणि कॅसेट वाजवायची. इथे घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात. डीव्ही पद्धतीने घेतलेले चित्रण ताशी सुमारे १३ जीबी जागा खाते.

खरी फसगत इथून पुढे होते. संगणकावर फाइल छान दिसते, म्हणून तीच डीव्हीडीवर कॉपी केली जाते आणि घरचा प्लेयर ‘नो डिस्क’ दाखवून मोकळा होतो. साधा प्लेयर ठरलेल्या साच्यातलीच डिस्क वाचतो. चित्र एमपेग-२ प्रकारात, ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे. आवाज ४८ किलोहर्ट्झचा. आणि सगळे ‘व्हिडिओ टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये, नेमक्या नावांच्या फाइलींत. ही मांडणी म्हणजे ऑथरिंग. ते झाले की डिस्क लिहायची आणि शेवटी ‘फायनलाइझ’ करायची. ही पायरी राहिली, तर ज्या रेकॉर्डरवर डिस्क लिहिली त्यावर ती चालते, पाहुण्यांच्या प्लेयरवर नाही.

एका डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात, म्हणजे चांगल्या दर्जाचे जेमतेम दोन तास. तीन-चार तास कोंबले की अक्षतांच्या वेळी पडद्यावर नुसते चौकोन नाचतात. त्यापेक्षा दोन डिस्का केलेल्या बऱ्या.

गावोगावच्या स्टुडिओंनी आधीच्या काळात केलेल्या व्हीसीडींची गोष्ट आणखी वाईट. त्यात चित्र ३५२ बाय २८८ एवढेच आणि डिस्कवर साधारण ७४ मिनिटे. म्हणून लग्न ‘भाग १, २, ३’ असे तुटायचे. स्वस्ताईने मात्र ती घरोघरी पोचली. २००७ साली मोझर बेअर कंपनीने चित्रपटांची व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, तेव्हा प्लेयर ही चैन उरली नाही. व्हीसीडी केली म्हणून मूळ कॅसेट टाकून देणाऱ्यांनी चित्राचा बराचसा तपशील टाकून दिला.

लेक अमेरिकेत असेल तर आणखी एक पेच. आपल्याकडचे पाल चित्र सेकंदाला २५ चौकटींचे, ६२५ रेषांचे. तिकडचे एनटीएससी सुमारे ३० चौकटींचे, ५२५ रेषांचे. इथे उत्तम चालणारी डिस्क तिथले बरेच प्लेयर नाकारतात. तिच्यासाठी वेगळी प्रत काढावी, नाहीतर सरळ फाइलच पाठवावी.

घरी टेप केलेल्या जुन्या कार्यक्रमांना कमी लेखू नये. फिती महाग होत्या तेव्हा बीबीसीसारख्या संस्थेनेही आपले कितीतरी कार्यक्रम पुसून फिती पुन्हा वापरल्या. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांनी १९७९ पासून २०१२ मध्ये निधन होईपर्यंत घरी बातम्या टेप केल्या. त्यांच्या सुमारे ७० हजार कॅसेटी पुढे इंटरनेट अर्काइव्हकडे गेल्या. अशा टेप घरात पाहायला हरकत नाही. डिस्का काढून विकणे मात्र गुन्हा आहे.

डिस्कही अमर नाही. लिहिता येणाऱ्या डीव्हीडीतला रंगाचा थर उन्हाने आणि उष्णतेने उडतो, कागदी लेबल चिकटवले तर फिरताना तोल जातो. आजी-आजोबांच्या प्लेयरसाठी डिस्क जरूर करावी, पण मूळ मोठी फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी.

कॅसेटचे झाकण उचलून फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसते का, तेही पाहावे. दिसली तर कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये. हेड खराब होते आणि पुढच्या कॅसेटलाही लागण होते. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६च्या जुलैत व्हीसीआर बनवणे थांबवले, आणि त्यानंतर नवे यंत्र कोणीच काढलेले नाही. तेव्हा तालुक्यात ज्या स्टुडिओवाल्याकडे चालू व्हीसीआर उरला असेल, त्याला येत्या पावसाळ्याआधी गाठावे.